अठ्ठावीसचा ठिपका

काका,

तुम्ही गेल्यापासून ऑफिसात तुमच्या खुर्चीवर कोणी बसलेलं नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तिसऱ्याच दिवशी खालचा लेथवाला पंखा पुसायचाय म्हणून ती खुर्ची घेऊन गेला आणि अजून त्याने ती परत आणलेली नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "खुर्चीच होती ती, सिंहासन नव्हतं."

मी मात्र गेले सोळा दिवस मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेय. आपलं भांडण अर्धंच राहिलं. आणि त्या भांडणाच्या तळाशी एक गोष्ट आहे, जी मी तुम्हाला कधी सांगितली नाही. नकाशातल्या शहाडच्या चौकोनातला एक ठिपका मी मुद्दाम गाळला होता. तुम्ही तो परत बसवलात. का गाळला हे तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही बोलले नाही. गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं म्हणतात. तुमच्याविषयी चांगलंच लिहिणार आहे, पण ते लिहायचं तर आधी माझ्याविषयी खरं लिहायला हवं.

वागळे इस्टेटमधल्या आपल्या त्या दोन खोल्यांत मी पहिल्यांदा आले, तेव्हा माझ्याकडे एक पदवी होती आणि ती घरात पहिलीच असल्यामुळे तिचं नक्की काय करायचं हे सांगणारं कोणी नव्हतं. म्हसवडला मामाकडे राहून बारावी केली, मग कल्याणला भूगोल घेऊन बी. ए. आप्पा गवंडीकाम करतात. पदवीचा कागद घरी आला तेव्हा त्यांनी आधी साबणाने हात धुतले, पंचाला पुसले आणि मग तो हातात घेतला. एवढं सगळं करून मी आपल्या ऑफिसात काय करत होते, तर रेषा गिरवत होते. जुने, फुटांत उंची दिलेले नकाशे स्कॅन करून पडद्यावर घ्यायचे, त्यांवरची एकेक तपकिरी रेषा माऊसने गिरवायची, तिला तिची उंची द्यायची. मग संगणक त्या सगळ्या रेषांवरून जमिनीचा उंचसखलपणा उभा करायचा. पुराचा अंदाज बांधणाऱ्यांना, रस्ते आखणाऱ्यांना जमिनीचं असं मॉडेल लागतं, एवढं ऑफिस चालवणाऱ्या सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

दोन आठवडे मी गिरवत राहिले आणि मला एकही डोंगर दिसला नाही. ते तुमच्या लक्षात आलं. सरकारी नोकरीत आयुष्यभर नकाशे काढलेले ड्राफ्ट्समन तुम्ही, निवृत्तीनंतर आमचं काम तपासायला कोपरीहून येत होतात. एक दिवस जेवताना तुम्ही मला विचारलंत, "समोच्च रेषा म्हणजे काय गं?"

मी उठून उभी राहिले. "समुद्रसपाटीपासून समान उंचीवर असलेल्या ठिकाणांना जोडणारी रेषा."

"बस खाली. पाठ आहे तुला. आता हे बघ."

तुम्ही डब्याच्या झाकणात भाताची मूद पालथी घातलीत आणि तिच्याभोवती थोडी सोलकढी ओतलीत. "काठ दिसतोय? ही झाली पन्नासची." आणखी ओतलीत. काठ वर चढला. "ही शंभरची. आता सांग, कुठल्या बाजूने चढायला दम लागेल?"

जिथे कढी थोडीच आत सरकली होती ती बाजू मी दाखवली. तिथे चढ उभा होता, म्हणून रेषा जवळजवळ होत्या. बारावीच्या पुस्तकात हेच लिहिलं होतं. तेव्हा मी ते वाचलं होतं आणि आत्ता पाहिलं.

"आता खाऊन टाक तो डोंगर," तुम्ही म्हणालात. "नाहीतर घरी गेल्यावर मला विचारतील, सोलकढी कुणाला पाजून आलात."

माझ्या चुका तुम्ही हसून घ्यायचात. एकदा मी एका रेषेला पन्नासच्या जागी पाचशे फूट दिले आणि मॉडेल उघडलं तर टिटवाळ्यामागे एक भिंत उभी. मला रडू यायचं बाकी होतं. तुम्ही चष्मा वर करून बघितलंत आणि म्हणालात, "बरं झालं. उन्हाळ्यात थंड हवेसाठी लांब जायला नको." रागावायचात ते संगणकावर. त्याने दोन रेषांमधली जमीन पायऱ्यांसारखी सपाट केली की म्हणायचात, "हा डोंगर आहे की जिना?" मग आम्हाला समजावायचात की रेषांवर सगळं सोडून चालत नाही. डोंगरात रेषा दाट असतात, पण नदीकाठच्या सपाट मुलखात दोन रेषांच्या मध्ये अख्खी गावं बसतात. तिथे जुन्या नकाशावर बारीक ठिपके असतात, शेजारी आकडा. कुणीतरी त्या जागी प्रत्यक्ष उभं राहून मोजलेली उंची. "सपाट जमिनीचं खरं ठिपक्यांना विचारायचं," हे तुमचं वाक्य आम्ही तुमची नक्कल करत एकमेकींना ऐकवायचो. तुम्हाला ते माहीत होतं.

आणि तुमचे चिंचोके. नकाशाची छापील प्रत टेबलावर पसरायची, चौकोनागणिक पेन्सिलीने ठिपक्यावर खूण करायची आणि प्रत्येक खुणेला एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत टाकायचा. मग चिंचोके मोजायचे आणि संगणकातल्या ठिपक्यांच्या संख्येशी ताडून बघायचे. मी तुम्हाला दहा वेळा सांगितलं, काका, याला सोपी पद्धत आहे.

"काका, सारीपाट मांडलाय का?" शेजारच्या टेबलावरची पूजा विचारायची.

"हो. आणि तुम्ही सगळ्या हरणार आहात."

माझं पहिलं पूर्ण झालेलं मॉडेल छापलं, तेव्हा खालच्या कोपऱ्यात तुम्ही बारीक अक्षरांत पेनने लिहिलंत, "गिरवणारी: सुवर्णा." तुमच्या काळी ट्रेसिंग करणाऱ्याचं नाव असंच कोपऱ्यात यायचं म्हणालात. सरांनी त्याची दुसरी प्रत काढून गिऱ्हाइकाला पाठवली. नावाची प्रत आमच्या घरी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे.

आता शहाडचा चौकोन.

उल्हास नदीच्या काठाचा तो नकाशा माझ्याकडे आला, तेव्हा मी आधी माझं घर शोधलं. सगळेच शोधतात. आमची चाळ नकाशात असणं शक्य नव्हतं, तिथे तेव्हा भाताची खाचरं होती. पण नदीचं वळण आणि रेल्वे पूल यांवरून जागा नेमकी सापडली. आमच्या गल्लीच्या बरोबर मध्यावर एक ठिपका होता. शेजारी आकडा, अठ्ठावीस. बाजूच्या रस्त्यावर दुसरा ठिपका, सदतीस. म्हणजे आमची चाळ एका खोलगट खाचरात बसली आहे. पावसाळ्यात घरात पाणी येतं हे मला लहानपणापासून माहीत होतं. ते नकाशात लिहून ठेवलेलं असेल हे माहीत नव्हतं.

त्याच महिन्यात चाळीच्या जागी इमारत बांधायला एक बिल्डर तयार झाला होता. आप्पांनी उभ्या जन्मात किती लोकांच्या भिंती बांधल्या ते त्यांनाही सांगता येणार नाही. आता पहिल्यांदा दुसरं कोणीतरी त्यांच्यासाठी बांधणार होतं. ते रोज संध्याकाळी त्या प्लॅनची झेरॉक्स उघडून आपल्या खोलीच्या जागेवर बोट ठेवायचे. आणि आपलं मॉडेल पुराचा अभ्यास करणाऱ्यांकडे जाणार होतं. ते जिथे खोलगट दाखवेल तिथे त्यांच्या नकाशात निळा रंग पडणार. निळ्यात बांधायला परवानगी कोण देतं?

मी त्या ठिपक्यावर क्लिक केलं नाही. एवढंच केलं. पाप करायला हात हलवावा लागतो, अशी तोवर माझी समजूत होती. ठिपका नसल्यामुळे संगणकाने पन्नासच्या रेषेपासून नदीपर्यंत एक सरळ, हलका उतार काढला आणि आमची गल्ली त्या उतारावर कोरडी, छान उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तुमचा एक चिंचोका जास्त आला. तुम्ही तपासणीच्या वहीत लिहिलंत, "शहाड. एक बिंदू राहिला होता. घेतला." कोणाकडून राहिला याचा रकाना त्या वहीत होता. त्यात तुम्ही फक्त आडवी रेघ मारलीत. मी वही बघितली, तुम्ही मला वही बघताना बघितलंत, आणि मग तुम्ही चहाला खाली गेलात.

खरं म्हणजे तेव्हाच बोलायचं. मी बोलायच्या ऐवजी भांडले.

"काका, तो अठ्ठावीसचा ठिपका आता चुकीचा आहे. तिथे भराव घातलाय. मी राहते तिथे."

"मला माहीत आहे तू कुठे राहतेस."

"मग? जुनी उंची घेऊन आजच्या पुराचं कसं सांगणार?"

तुम्ही पेन्सिल उचललीत. "भराव किती आहे?"

"बराच आहे."

"बराच म्हणजे किती फूट? रविवारी येतो. तुझ्या वडिलांकडे लेव्हलची नळी असेल ना?"

गवंड्याच्या घरात ती असणारच. पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी, आत पाणी. दोन टोकं दोन ठिकाणी धरली की दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला थांबतं, आणि कुठली जागा किती खाली ते कळतं. तुम्ही आलात, एक कप चहा घेतलात आणि आप्पांच्या बरोबर गल्लीत उतरलात. रस्त्यावरच्या सदतीसच्या ठिपक्यापासून सुरुवात. एक टोक तुमच्याकडे, एक आप्पांकडे, वही माझ्याकडे. रस्त्यावर मधल्या काळात डांबराचे किती थर चढले देव जाणे, असं पुटपुटत तुम्ही टोक धरलं होतंत.

"काय हो, गटाराचं काम निघालं का?" समोरच्या लताकाकूंनी ओट्यावरून विचारलं.

"नाही हो. आम्ही दोन म्हातारे पाणी कुठे जातं ते शोधतोय."

"ते आमच्या घरात जातं. त्याला नळी कशाला पाहिजे? जुलैत या, बसायला पलंग पण देते, खाली काय बसता येत नाय."

तुम्ही इतके हसलात की नळीतलं पाणी हललं आणि आप्पांना तो टप्पा पुन्हा मोजावा लागला.

उत्तर आलं ते असं. खाचर सहा फूट भरलं गेलं होतं. माझं म्हणणं खरं होतं. पण एवढं भरूनही गल्लीचा मध्य रस्त्यापेक्षा कमरेइतका खाली होता. तुमचंही खरं होतं. मी आप्पांकडे बघायचं टाळत होते. तेच म्हणाले, "साहेब, ही खोली बांधली तवाच मी उंबरा दोन विटा वर घेतलाय. जमीन बघितली की कळतंय की."

"मग मुलीला सांगितलं नाहीत?"

"तिनं कुटं विचारलं? ती कॉलेजात शिकायला जात हुती."

रिक्षापर्यंत तुम्हाला सोडायला आले तेव्हा आपण पुन्हा भांडलो. मी म्हणाले, आता कळलंय तर अठ्ठावीस खोडून चौतीस लिहू. तुम्ही थांबलात. "जुन्या नकाशात चौतीस कोणी लिहिलं? तू. त्या माणसाने अठ्ठावीस लिहिलंय. तो तिथे चिखलात उभा होता."

"आज तिथे चिखल नाही, माझं घर आहे."

"मग चौतीस वेगळं लिही. खाली तारीख घाल, आपली दोघांची नावं घाल, नळीने मोजलं असं लिही. त्याच्या तोंडी घालू नकोस."

"काका, तळटीप कोण वाचतं? लोक रंग बघतात. जुनी उंची घेतली तर निळा गडद येईल. गरिबांच्या वस्त्या अशाच जुन्या कागदांवरून ठरतात."

तुम्ही रिक्षाला हात केलात. रिक्षात बसताना म्हणालात, "हे तुझं बरोबर असू शकतं. विचार करतो." पुढच्या आठवड्यात तुम्हाला दवाखान्यात ठेवलं. फोनवर दम लागत होता, तरी म्हणालात, "अगं, मी अजून विचार करतोय." मी म्हणाले, घाई नाही, काका. मला खरंच वाटलं होतं की घाई नाही.

तुम्ही गेल्यावर कोपरीला तुमच्या घरी भेटायला आले तेव्हा काकूंनी सांगितलं, दवाखान्यात शेवटी शेवटी तुम्ही चादरीच्या सुरकुत्यांवरून बोट फिरवत राहायचात. "नर्सने चादर सरळ केली की रागवायचे गं. म्हणायचे, आत्ता कुठे रेषा जुळत होत्या."

सरांनी मॉडेल तुम्ही सांगितलंत तसंच पाठवलं. जुना ठिपका जुन्या जागी, नवीन उंची वेगळी, तारखेसह, खाली आपली नावं. माझ्या म्हणण्यातलंही थोडं घेतलं. पुराचा नकाशा दोन्ही उंचींनी काढून बघा, असं पत्रात पहिल्याच ओळीत लिहिलं. पुराचा अभ्यास करणाऱ्यांनी तसा काढला. जुन्या उंचीने आमची गल्ली गडद निळी आली, नव्या उंचीने फिकी निळी. कोरडी कशानेच आली नाही. मला अजूनही वाटतं की रंगातला तो फरक महत्त्वाचा आहे, आणि तुम्ही असतात तर यावर आपलं अजून महिनाभर चाललं असतं.

गेल्या रविवारी चाळीची मिटिंग होती. बिल्डरच्या कागदावर सह्या करायच्या होत्या. प्लॅनमध्ये तळघर होतं, गाड्या ठेवायला. त्या खाचरात तळघर. मी बोलणार आहे हे आप्पांना घरी सांगितलं नव्हतं. तिथे उठून उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. आपली गल्ली रस्त्यापेक्षा किती खाली आहे, कशी मोजली, तळघर केलं तर काय होईल, आणि हे सगळं ज्या नकाशात दिसतं तो आता वरपर्यंत गेला आहे, त्यामुळे परवानगीला वेळ लागेल.

"शिकली कशाला तर आपलीच गल्ली बुडवायला," मागून कोणीतरी म्हणालं.

आप्पा भिंतीला टेकून उभे होते. मला वाटलं आता ते खाली बघतील. ते म्हणाले, "बुडवायला न्हाई निघाली ती. बुडालेलीच हाय. दरसाली मी घरातनं बादलीनं काय उपसतो, सरबत?"

लोक हसले. मग बराच गोंधळ झाला. शेवटी ठरलं की तळघर काढून, जोतं वर घेऊन नवा प्लॅन आणायला सांगायचं आणि तोवर कोणी सही करायची नाही. बिल्डर परत येईल की नाही कोणालाच माहीत नाही. आप्पांनी झेरॉक्स घडी घालून खिशात ठेवली. ती घडी घालताना त्यांनी किती वेळ लावला ते मी बघितलं, आणि ते माझ्यामुळे होतं.

निघताना लताकाकूंनी मला अडवलं. आवाज चढवला नव्हता त्यांनी. "सुवर्णा, हे तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले. "आणि आधी मी ते लपवलं होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, "बरं," म्हणाल्या आणि चप्पल घालून गेल्या. आप्पा मागेच होते. ते माझ्याबरोबर घरी चालत आले. दारात म्हणाले, "त्या साहेबांनी सांगितलं हुतं का, असं समद्यांम्होरं बोल म्हणून?"

"नाही आप्पा. ते मला काहीच म्हणाले नाहीत."

काका, लताकाकूंनी विचारलेला प्रश्न तुम्ही मला कधीही विचारू शकला असतात. तुमच्या हातात वही होती, मी समोर उभी होते. तुम्ही विचारला असतात तर मी काय बोलले असते ते मला चांगलं माहीत आहे. "राहिला वाटतं, काका," म्हणाले असते. डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले असते, कारण मला ते घर हवं होतं. मग तुम्ही ते ऐकून घेतलं असतंत, आणि त्यानंतर तुमच्या समोर बसून मला एकही रेषा नीट गिरवता आली नसती. तुम्ही वहीत आडवी रेघ मारलीत आणि चहाला निघून गेलात. तुम्ही मला वाचवलंत, असं इतके दिवस समजत होते. रविवारी 'हो' म्हणताना कळलं की तुम्ही फक्त मला खोटं बोलायची वेळ येऊ दिली नाहीत. खरं बोलायचं ते माझं मला ठेवलंत.